मेलेल्या रबराला तेल लावू नका

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. जुन्या गाडीचं कडक झालेलं रबर पुन्हा जिवंत होत नाही. गंधपुऱ्याच्या तेलाने होत नाही, सिलिकॉन स्प्रेने होत नाही. ग्लिसरीन, एरंडेल, ब्रेक ऑइल, उकळतं पाणी, हेअर ड्रायर यांपैकी कशानेही होत नाही. 'दहा मिनिटांत रबर नव्यासारखं' असे व्हिडिओ करणारे आणि 'कंपनीचं ओरिजिनल रबर आहे, हात लावू नका' असं छाती फुगवून सांगणारे, हे दोन पंथ एकमेकांना पाण्यात पाहतात. पण दोघांचा परिणाम एकच आहे. दोघंही गाडी गंजवतात.

रबर म्हणजे टायर नव्हे. दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी, पुढच्या-मागच्या काचेभोवतीचं जाड रबर, डिकीच्या तोंडाची गादी, दाराची काच जिथून वर-खाली होते तिथली बारीक पट्टी. गॅरेजमध्ये या सगळ्याला सरसकट 'बीडिंग' म्हणतात. फोटोत ही बीडिंग दिसत नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीत तिच्यासमोर उभं राहून कोणी सेल्फी काढत नाही. क्रोमचा बंपर, लाकडी गिअर नॉब, कोरा पेंट यांच्यावर पाणी ओतावं तसा पैसा ओतला जातो, आणि खरोखरच पाणी अडवायचं काम जिच्याकडे आहे तिला मिळतं चमचाभर तेल.

आमच्या घरी 1988ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी नंबर लावून घेतलेली, आता कागदोपत्री बाबांची आणि खर्चाच्या बाबतीत माझी. मी हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवार ठाण्याला जाऊन या गाडीखाली झोपतो. त्यामुळे पुढचं सगळं पद्मिनीच्या निमित्ताने लिहितोय. पण तुमच्याकडे अँबॅसडर असो, जुनी जीप असो की पहिल्या पिढीतली मारुती, रबराचे नियम बदलत नाहीत.

रबर मरतं म्हणजे काय होतं?

वाटीभर शिजवलेल्या शेवया डोळ्यांसमोर आणा. लांबलचक, एकमेकींत गुंतलेल्या, पण ओढल्या की सुटून येणाऱ्या. कच्चं रबर असंच असतं. उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरच्या लक्षात आलं की रबरात गंधक घालून ते तापवलं तर त्याची जात बदलते. शेवयांना मधूनमधून गंधकाच्या गाठी बसतात. आता ओढलं तर ते ताणलं जातं, आणि सोडलं की गाठींमुळे जागेवर परत येतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात.

मग काळ आपलं काम सुरू करतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून नको तिथे नव्या गाठी मारत जातात. गाठी वाढल्या की रबर कडक होतं. काही ठिकाणी शेवयाच तुटतात, तिथे ते भुसभुशीत किंवा चिकट होतं. मऊपणासाठी मुळात घातलेली तेलं हळूहळू बाहेर निघून जातात. आणि हवेतला ओझोन, अगदी थोडासा का असेना, रबराच्या साखळीतले दुहेरी बंध शोधून तोडतो. हा हल्ला रबर जिथे ताणलेलं असतं तिथे होतो. म्हणून चिरा नेहमी कोपऱ्यांवर, वळणांवर आणि ताणाला आडव्या दिसतात. तुमच्या गाडीच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बघा. मी काय म्हणतोय ते दिसेल.

यातली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेने होते. विरजलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही, मग त्यात कितीही साखर घाला.

मऊ होणं आणि परत उसळणं

तेलवाल्यांचा सगळा खेळ एका गफलतीवर चालतो. त्यांना वाटतं, रबराचं काम मऊ असणं हे आहे. तसं नाही. रबराचं काम दाबल्यावर उलटा दाब देणं हे आहे. दार बंद झालं की पट्टी चेपते आणि पत्र्याला उलट रेटते. त्या रेट्यामुळे पाणी, धूळ आणि वारा बाहेर राहतो. दार उघडलं की ती फुगून मूळ आकारात येते, पुढच्या वेळी पुन्हा रेटायला.

तीस वर्षं चेपलेली पट्टी हा आकारच विसरते. ती चपटी होते आणि चपटीच राहते. तिला मऊ केलं तर तुम्हाला मिळते मऊ, चपटी पट्टी. कणीकही मऊच असते, पण बोटाचा खड्डा ती भरून काढत नाही. शिळी भाकरी दुधात कुस्करली की मऊ होते. ताजी होत नाही.

आता गंधपुऱ्याबद्दल. हा नुस्खा खोटा नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. गंधपुऱ्याच्या तेलात मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेट असतं, सांधेदुखीच्या बामाला ज्याचा वास येतो तेच. त्यात झायलीन मिसळून रबर बुडवलं की ते खरंच मऊ होतं, कारण द्रव रबरात शिरतो आणि रबर फुगतं. प्रिंटरचे आणि टाइपरायटरचे रूळ लोक असेच मऊ करतात. व्हिडिओ इथेच संपतो. कॅमेरा बंद.

मी आमच्या गाडीच्या काढून टाकलेल्या एका पट्टीचे सारख्या मापाचे तुकडे केले. एक गंधपुरा-झायलीनमध्ये, एक ग्लिसरीनमध्ये, एक सिलिकॉन स्प्रेखाली आणि एक कोरडा, तुलनेसाठी. झायलीनचं काम गच्चीत केलं, कारण त्याची वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी गंधपुऱ्याचा तुकडा झकास दिसत होता. काळाभोर, लवचिक आणि कोरड्या तुकड्यापेक्षा सरळसरळ लांब. ही लांबी लक्षात ठेवा. फुगलेली पट्टी चौकटीत बसवायला गेलात तर ती पुरून उरते, आणि उरते म्हणून कोणीतरी ती कापतो. मग झायलीन उडून जातं. तीन आठवड्यांनी माझा तुकडा बराचसा पुन्हा कडक झाला होता आणि आकसलाही होता. गाडीवर कापून बसवलेल्या पट्टीचं असं झालं की दोन टोकांमध्ये फट पडणार, आणि पाण्याला फट पुरते. ग्लिसरीनवाला तुकडा ओशट झाला, सिलिकॉनवाला चमकदार. चपटेपणा चारही तुकड्यांत जिथल्या तिथे होता. एकानेही आपला आकार परत मिळवला नव्हता.

ब्रेक ऑइलचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे. नेहमीचं ग्लायकॉलच्या जातीचं ब्रेक ऑइल पेंट सोलून काढतं, हे कोणत्याही पेंटरला विचारा. आणि व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल लावणाऱ्यांसाठी: खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून कमजोर होतं. आजच्या गाड्यांच्या पट्ट्या ज्या ईपीडीएम रबराच्या असतात, तेही खनिज तेलात फुगतं. म्हणजे नवी पट्टी बसवून तिच्यावर प्रेमाने व्हॅसलिन चोपडलंत, तर तुम्हीच तिचं आयुष्य कमी करताय.

ओरिजिनलचा सोवळेपणा

आता दुसरा पंथ. हे लोक जास्त अभ्यासू असतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला मजा येते. त्यांचं म्हणणं असं की गाडी फॅक्टरीतून निघाली तशीच राहिली पाहिजे. कडक तर कडक, पण रबर मूळचं आहे. बदललंत तर गाडीचा आत्मा गेला.

पद्मिनी ज्या फियाट 1100 वरून आली, त्या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्र्याचा डबा हाच तिचा सांगाडा. फ्लोअर, दाराखालचे बॉक्स, पुढच्या काचेखालची चौकट, या सगळ्यावर गाडीचा भार असतो. काचेचं रबर कडक झालं की खालच्या कोपऱ्यात पाणी शिरतं. ते लगेच आत टपकत नाही. रबर आणि पत्रा यांच्यामधल्या खाचेत साचून राहतं, कारण तिथे ऊन पोचत नाही आणि हवाही नाही. पेंट आतून फुगतो, पत्रा पापडासारखा होतो. मग पाणी डॅशबोर्डमागून उतरून मॅटखाली जातं, मॅटखालचं फेल्ट ते स्पंजासारखं धरून ठेवतं. मुंबई-ठाण्याच्या पावसात चार महिने हा स्पंज ओला. गाडीत कुबट वास यायला लागतो, आपण डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवतो, आणि पायाखालचा सांगाडा विरघळत राहतो.

म्हणजे हिशेब असा झाला: मूळचं रबर वाचवण्यासाठी मूळची बॉडी घालवली. सोवळं नेसून घर जाळल्यासारखं.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही घ्या. 2021 साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी यात येते. मोठे फेरफार नकोत असं म्हणताना नियम नाव घेतो ते चॅसीचं, बॉडीचं आणि इंजिनचं. बीडिंगचा उल्लेख नाही. 1974 साली ज्या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं, तिच्या पहिल्या पिढीची आता पन्नाशी उलटतेय. त्या गाड्यांची बॉडी टिकली तरच त्या 'मूळ' ठरणार.

आणि पद्मिनीच्या बाबतीत ओरिजिनल म्हणजे नक्की काय, हेही एकदा विचारून घेऊ. इटलीतल्या फियाटची ही गाडी कुर्ल्यात आधी सुट्या भागांपासून जोडली जायची. मग एकेक भाग इथे बनू लागला. नाव बदलत गेलं. आधी फियाट 1100 डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. परदेशी भाग काढून त्याजागी आपण बनवलेला बसवणं, हाच या गाडीचा इतिहास. तिच्यावर देशी बनावटीचं नवं रबर चढवणं म्हणजे परंपरा मोडणं कसं, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पिचकारीवाले

तिसरा प्रकार पंथ नव्हे, सवय आहे. पेंटचं काम दिलेल्या एका गॅरेजने (नाव घेत नाही, ठाण्यात आहे, एवढं पुरे) आम्हाला न विचारता आमच्या पुढच्या काचेच्या रबराखाली सिलिकॉन सीलंटची ट्यूब रिकामी केली. "सर, आता थेंब येणार नाही," असं वर सांगितलं. थेंब दोन पावसाळे आला नाही, हेही खरं.

स्वस्तातलं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचाच असतो. उघड्या पत्र्यावर, तेही बंद खाचेत, अ‍ॅसिड सोडायचं आणि वर झाकण लावायचं, याला दुरुस्ती म्हणतात? वर ते सिलिकॉन एकदा बसलं की धड निघत नाही, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागेवर पेंटही धरत नाही. आमची काच काढली तेव्हा खालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "गाडी आत घे, पाऊस येईल."

काच बसवायची योग्य पद्धत जुनी आहे आणि साधी आहे. काचेला रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत गोल दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवायची. एकाने बाहेरून हाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची. दोरी निघते तसतशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. आमची काच ज्या काकांनी बसवली त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "रेटू नकोस. ते दोरीनेच बसतं." नव्या, लवचिक रबरातच हे जमतं. कडक रबराची कड ओढताना फाटते, म्हणून मग ट्यूब बाहेर येते.

जिवंत असेल तर जगवा

मी प्रत्येक पट्टी उपटून फेका म्हणत नाहीये. थकलेलं आणि मेलेलं यात फरक आहे. आणि तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

नख रुतवा. खूण पडून भरून आली तर रबर जिवंत आहे. नख नुसतं घसरलं किंवा खूण तशीच राहिली तर संपलं. पट्टी हलकेच वाकवा. चिरा उघडल्या तर संपलं. दारात दहाची नोट ठेवून दार लावा आणि नोट ओढा. सगळीकडे सारखी अडकत निघाली पाहिजे. जिथे सहज सुटली तिथे पाणीही सहज येणार. मोजायचंच असेल तर शोअर ए मापाचा छोटा मीटर मिळतो. भरीव पट्टी साधारण 60 ते 70च्या घरात असते. ती 90कडे गेली असेल तर तिच्याकडून रेट्याची अपेक्षा नको.

जिवंत असेल तर सौम्य साबणाने धुवा, वाळवा, आणि शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेंटला लागू देऊ नका. गाडी उन्हात असेल तर कापडी कव्हर घाला. जास्त दिवस उभी राहणार असेल तर अधूनमधून दारं उघडून हवा खेळू द्या. हे औषध नाही, पथ्य आहे. पथ्याने माणूस जास्त जगतो, मेलेला उठत नाही.

वाचवायचा आहे तो आकार

"नवं रबर मिळतं कुठे?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तेलवाल्यांची अर्धी कमाई याच प्रश्नावर चालते. इतकी वर्षं पद्मिनीला सुटे भाग मिळत राहिले ते शौकिनांमुळे नव्हे, टॅक्सीवाल्यांमुळे. त्यांना गाडीच्या आत्म्याशी कर्तव्य नव्हतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाणी पडू नये, एवढंच होतं. फाटलं की बदललं. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेच्या नियमाने उतरली आणि सुट्या भागांचं रोजचं गिऱ्हाईक संपलं. आता दुकानात मिळते ती 'चालून जाईल' अशी पट्टी. दिसायला तशीच, पण मापात मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. जाड असली तर दार लागत नाही, पातळ असली तर पाणी थांबत नाही.

पण रबराची पट्टी बनवणं हे काही रॉकेटचं काम नाही. स्टीलच्या साच्याच्या भोकातून चकलीसारखी दाबून काढतात आणि मग तापवून पक्की करतात. भोकाचा आकार म्हणजेच पट्टीचा छेद. एमआयडीसीतली छोटी युनिटं हे करतात. मी ज्यांच्याकडे गेलो ते दोनशे मीटरच्या खाली मशीन लावायला तयार नव्हते. आमच्या चार दारांना मिळून लागतं चौदा मीटर. म्हणजे चौदा-पंधरा मालक एकत्र आले की काम झालं. ईपीडीएममध्ये बनवून घेतलंत तर त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात. ओझोनला धरायला काही मिळत नाही, आणि पट्टी मूळच्या पट्टीपेक्षा जास्त टिकते.

अडतं ते छेदाच्या मापाशी. ज्याच्याकडे चांगलं माप आहे तो ते तिजोरीतल्या दागिन्यासारखं लपवतो. ज्याच्याकडे न चेंगरलेली पट्टी आहे तो तिला तेल लावून कपाटात ठेवतो. माझ्या धंद्यात याला सोर्स कोड हरवणं म्हणतात. चालू प्रोग्रॅम हाताशी आहे, पण तो लिहिलेला कागद कुणाकडेच नाही. प्रोग्रॅम बंद पडला की सगळे त्याच्याभोवती बसून रडतात. कोणे एके काळी कागद कोणाकडे तरी होता, हे रडताना आठवतं.

कागद अजून तयार करता येतो. बिजागरीजवळ किंवा दाराच्या अशा कोपऱ्यात, जिथे पट्टी कमी चेपलेली असते, तिथून धारदार ब्लेडने दोन मिलिमीटरची चकती कापा. फ्लॅटबेड स्कॅनरवर शेजारी मोजपट्टी ठेवून स्कॅन करा. कडेचा आकार कॅडमध्ये गिरवा. मग चौकटीवर जागोजागी शाडूचे गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवा, दार बंद करा, उघडा, आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. ही तुमच्या गाडीची खरी फट. पट्टी जिथे अडकते त्या पत्र्याच्या कडेची जाडीही घ्या. एवढ्या तीन गोष्टी असल्या की कोणतंही युनिट साचा बनवू शकतं. नवी पट्टी बसल्यावर पहिले काही दिवस दार जड लागेल. घाबरून पट्टी तासू नका, लॉकचा खटका थोडा सरकवा.

"तुला आयटीचा पगार आहे, तुला काय जातंय," हे मी ऐकलेलं आहे. उत्तर सोपं आहे. फ्लोअर कापून वेल्डिंग आणि मग पेंट, या बिलाशेजारी रबराचं बिल ठेवून बघा. गरिबाला परवडत नाही ते तेल लावून वाट बघणं, पट्टी बदलणं नव्हे.

आमच्या पट्टीचं कॅड ड्रॉइंग मी मागेल त्याला फुकट देतो. पुढच्या काचेच्या रबराचा न चेंगरलेला तुकडा मात्र मला अजून मिळालेला नाही. आमचं सिलिकॉनसकट सोलून निघालं. तुमच्या माळ्यावर, एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या फडताळात, आजोबांच्या डिकीतल्या गोणपाटाखाली असा इंचभर तुकडा असेल, तर कृपा करून त्याला तेल लावू नका. त्याचं माप घ्या आणि चार जणांना द्या. जूनच्या आत.